गणिताची प्रश्नोत्तरे : लंब बहुपदी आणि सैल केलेली एक अट

या महिन्यात सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ऑर्थोगोनल, म्हणजे परस्परांना लंब असणाऱ्या बहुपदींविषयी आहेत, म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला आहे. चलाला सर्वत्र क्ष आणि बहुपदीच्या कोटीला, म्हणजे तिच्यातील सर्वांत मोठ्या घाताला, न म्हटले असून लजाँद्र बहुपदींसाठी (त्यांची ओळख पहिल्याच उत्तरात आहे) प०, प१, प२ अशी चिन्हे वापरली आहेत.

प्रश्न : दोन रेषा परस्परांना लंब असतात हे डोळ्यांना दिसते. दोन बहुपदींमध्ये कोन कुठे असतो? वर्गात 'गुणाकाराचा समाकल शून्य आला की ऑर्थोगोनल' एवढेच सांगितले जाते. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : आपले सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. काठीचा जमिनीच्या दिशेने जाणारा अंश शून्य आहे, हे त्यातून दिसते. लंबत्वाचा गाभा असा आहे : एका वस्तूत दुसरीचा अंश मुळीच नसणे. कोन मोजणे ही त्याची केवळ एक रीत झाली.

प्रतलातील दोन सदिश लंब आहेत की नाहीत हे आपण त्यांच्या घटकांचे गुणाकार करून व त्यांची बेरीज घेऊन ठरवतो. फलनाला 'घटक' म्हणजे प्रत्येक बिंदूवरील त्याची किंमत. घटक अगणित असल्यामुळे बेरजेच्या जागी समाकल येतो, एवढाच फरक. −१ ते १ या अंतरालावर १ आणि क्ष यांच्या गुणाकाराचा समाकल शून्य आहे, म्हणून त्या दोन बहुपदी परस्परांना लंब आहेत. त्याच आपल्या प० आणि प१. मात्र १ आणि क्ष² यांच्या गुणाकाराचा समाकल २/३ येतो, म्हणजे क्ष² मध्ये १ चा काही अंश दडलेला आहे. १ चा स्वतःशी समाकल २ असल्याने तो अंश १/३ ठरतो. तो वजा केला की क्ष² − १/३ उरते, आणि क्ष = १ येथे किंमत १ यावी म्हणून योग्य संख्येने गुणले की प२ = (३क्ष² − १)/२ मिळते. याच रीतीने क्ष³ मधून क्षचा ३/५ पट अंश काढून टाकला की प३ = (५क्ष³ − ३क्ष)/२. ही लजाँद्र यांची बहुपदींची मालिका. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात, पूर्ण गोल नसलेल्या पिंडांच्या गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करताना ती त्यांच्या हाती लागली.

समाकल घेताना काही बिंदूंना अधिक महत्त्व द्यायचे असल्यास गुणाकाराला आणखी एका धन फलनाने गुणतात, त्याला भार फलन म्हणतात. भार फलन आणि अंतराल बदलले की मालिका बदलते. −१ ते १ वर १ भागिले √(१ − क्ष²) हा भार घेतला तर चेबिशेव्ह यांच्या बहुपदी येतात, शून्य ते अनंत या अंतरालावर ई या स्थिरांकाचा (सुमारे २.७१८) −क्ष घात घेतला तर लागेर यांच्या, आणि संपूर्ण रेषेवर ई चा −क्ष² घात घेतला तर एर्मीत यांच्या. पुंज यांत्रिकी शिकलेल्यांना शेवटच्या दोन्ही ओळखीच्या असतील, कारण हायड्रोजनच्या अणूत लागेर आणि स्प्रिंगसारख्या आंदोलकात एर्मीत अपरिहार्यपणे भेटतात.

प्रश्न : आमच्या प्रयोगात नत्राच्या पाच मात्रा आहेत. मार्गदर्शकांनी कोष्टकातील −२, −१, ०, १, २ आणि २, −१, −२, −१, २ हे सहगुणक वापरायला सांगितले. हे कोठून येतात, आणि मात्रा समान अंतरावर नसतील तर चालतात का? (कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, मोहोळ)

उत्तर : आपला प्रश्न योग्य ठिकाणाहून आला आहे. रब्बी ज्वारीचे मालदांडी ३५-१ हे वाण निवडले गेले ते मोहोळला, आणि सोलापुरातील कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची परंपराही १९३३ पासूनची आहे. ऑर्थोगोनल बहुपदींचा प्रयोगशास्त्रातील वापरसुद्धा शेतातूनच आला. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी गव्हाचे उत्पन्न आणि पाऊस यांचा संबंध तपासताना त्या वापरल्या, आणि फिशर व येट्स यांच्या १९३८ च्या कोष्टकांमुळे त्या जगभरच्या कृषी विद्यापीठांत पोहोचल्या.

पाच मात्रा म्हणजे पाच बिंदू. येथे समाकलाच्या जागी पुन्हा साधी बेरीज येते, आणि −२ ते २ या पाच बिंदूंवर १, क्ष, क्ष² यांतून वरच्याच रीतीने अंश काढत गेले की कोष्टकातील ओळी मिळतात. क्ष² च्या किंमती ४, १, ०, १, ४. त्यांची सरासरी २. ती वजा केली की २, −१, −२, −१, २. घन पदाची ओळ −१, २, ०, −२, १ आणि चतुर्घाताची १, −४, ६, −४, १.

याचा फायदा आकड्यांत पाहू. मात्रा हेक्टरी ०, २०, ४०, ६०, ८० किलो आणि उत्पन्न अनुक्रमे ७, ११, १४, १४, १४ क्विंटल असे आकडे केवळ गणितासाठी कल्पू या. सरासरी १२ आहे आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३८. पहिल्या ओळीने गुणून बेरीज १७ येते. तिचा वर्ग त्या ओळीच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे १० ने, भागला की २८.९. दुसऱ्या ओळीने −११, त्यावरून १२१ भागिले १४ म्हणजे सुमारे ८.६४. तिसरीने १, म्हणजे ०.१. चौथीने ५, म्हणजे २५ भागिले ७० अर्थात सुमारे ०.३६. या चारींची बेरीज बरोबर ३८ भरते. एकूण चढउताराचे चार स्वतंत्र वाटे झाले, आणि एका वाट्याचा दुसऱ्यावर परिणाम नाही. सरळ रेषा बसवल्यावर वक्रता जोडायची ठरली तरी आधी काढलेला १७ हा आकडा तसाच राहतो. क्ष आणि क्ष² यांच्या साध्या घातांवर समीकरण बसवले तर मात्र प्रत्येक नवे पद आधीचे सगळे सहगुणक हलवून टाकते. उत्पन्नाचे आकडे अनेक पुनरावृत्तींच्या सरासरी असतील, तर वरच्या प्रत्येक वाट्याला पुनरावृत्तींच्या संख्येने गुणायचे आणि मगच त्रुटीच्या प्रचरणाशी, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या मापाशी, तुलना करायची, हे विसरू नका.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. मात्रा असमान अंतरावर असतील तर कोष्टकातील सहगुणक चालत नाहीत, कारण ते समान अंतर गृहीत धरूनच काढलेले असतात. समजा मात्रा ०, २०, ४० आणि ८० किलो आहेत, म्हणजे २० किलोच्या एककात ०, १, २, ४. तर सरळ रेषेचे सहगुणक −७, −३, १, ९ येतात आणि वक्रतेचे ७, −४, −८, ५. दोन्ही ओळींची बेरीज शून्य आहे आणि जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज −४९ + १२ − ८ + ४५ हीसुद्धा शून्य आहे, हे आपण तोंडी पडताळू शकता. चार मात्रांचे छापील सहगुणक −३, −१, १, ३ येथे वापरले तर निघणाऱ्या संख्येत सरळ कल आणि वक्रता यांची सरमिसळ असेल आणि तिच्यावर केलेल्या सार्थकता चाचणीला अर्थ उरणार नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील संवेदकाच्या नोंदींवर नवव्या कोटीची बहुपदी बसवली असता संगणक विचित्र सहगुणक देतो. (संगणक अभियंता, चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर : ० ते १ या अंतरालावर १, क्ष, क्ष² … क्ष⁹ हे घात घेऊन लघुतम वर्ग पद्धत लावली की दहा ओळींचा हिल्बर्ट मॅट्रिक्स उभा राहतो, आणि त्याचा अस्थिरता-अंक, म्हणजे माहितीतील छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते ते सांगणारी संख्या, सुमारे १६ लाख कोटी आहे. संगणक साधारण सोळा अंकांपर्यंत अचूक असतो. त्यांतील तेरा अंक येथेच खर्ची पडतात. क्ष⁸ आणि क्ष⁹ हे या अंतरालावर जवळजवळ एकाच दिशेचे आहेत, हे त्याचे कारण. घातांऐवजी नोंदींच्या अंतरालावर आणलेल्या चेबिशेव्ह बहुपदी वापरा. गणिताच्या बहुतेक सर्व तयार संगणकीय आज्ञावल्यांत ती सोय असते. त्यानंतरही नवव्या कोटीची खरोखर गरज आहे का, हे प्रत्येक पदाचा वाटा पाहून ठरवा.

प्रश्न : ऑर्थोगोनल बहुपदीची सर्व मुळे वास्तव, वेगवेगळी आणि अंतरालाच्या आतच असतात, हे विधान मी अनेक वर्षे वाचत आले. याची शाळकरी म्हणता येईल अशी सिद्धता आहे का? (निवृत्त गणित शिक्षिका, बार्शी)

उत्तर : आहे, आणि बाई, ती या विषयातील सर्वांत देखण्या सिद्धतांपैकी एक आहे. न कोटीची ऑर्थोगोनल बहुपदी आपल्यापेक्षा कमी कोटीच्या प्रत्येक बहुपदीला लंब असते, एवढेच लक्षात ठेवायचे. आता समजा की अंतरालाच्या आत ती फक्त थोड्या ठिकाणीच, म्हणजे न पेक्षा कमी ठिकाणी, चिन्ह बदलते. त्याच ठिकाणी आणि फक्त त्याच ठिकाणी चिन्ह बदलणारी एक लहान बहुपदी आपण अवयवांचा गुणाकार करून तयार करू. दोघींचा गुणाकार अंतरालावर कोठेही चिन्ह बदलणार नाही. एक तर तो सतत धन असेल किंवा सतत ऋण, आणि भार फलन धनच आहे. म्हणजे समाकल शून्य असूच शकत नाही. पण लहान बहुपदीची कोटी न पेक्षा कमी आहे, म्हणून लंबत्वाच्या अटीनुसार तो शून्य असलाच पाहिजे. ही विसंगती. तेव्हा चिन्ह निदान न ठिकाणी बदलते, आणि न कोटीच्या बहुपदीला न पेक्षा जास्त मुळे नसतात. म्हणून सगळी मुळे वास्तव, वेगवेगळी आणि आतच.

या सिद्धतेत भार फलनाचे नेमके सूत्र कोठेही लागले नाही, अंतरालही कोणते ते लागले नाही. लागली ती केवळ अटींची संख्या. न अटी आहेत म्हणून न मुळे आत बांधली जातात. हा हिशोब मनात ठेवावा, पुढच्या एका उत्तरात तोच उपयोगी पडणार आहे.

जाता जाता आणखी एक गुणधर्म सांगतो. न-व्या बहुपदीच्या लगतच्या दोन मुळांच्या मध्ये (न−१)-व्या बहुपदीचे बरोबर एक मूळ असते. प३ ची मुळे ० आणि ±०.७७४६, तर प२ ची ±०.५७७४, ती एकाआड एक बसतात.

प्रश्न : तीन पदांचा आवर्ती संबंध फक्त ऑर्थोगोनल बहुपदींनाच असतो का? (बी.एस्सी. तृतीय वर्ष, सोलापूर)

उत्तर : संबंध असा : न-व्या बहुपदीला क्षने गुणले की गुणाकार (न+१)-वी, न-वी आणि (न−१)-वी या तिघींतच मावतो, त्याहून खालच्या एकीचीही गरज लागत नाही. उलट दिशेचे विधान जे. फाव्हार यांनी १९३५ मध्ये सिद्ध केले. बहुपदींचे अग्रसहगुणक १ केल्यावर असा संबंध मिळत असेल आणि त्यातील (न−१)-व्या बहुपदीचा वजा केला जाणारा सहगुणक नेहमी धन असेल, तर कोणत्या ना कोणत्या धन भारासाठी ती मालिका ऑर्थोगोनल असतेच. तेव्हा उत्तर होकारार्थी आहे, परंतु धनतेची अट विसरून चालणार नाही.

प्रश्न : 'क्वासी-ऑर्थोगोनल बहुपदी' ही संज्ञा शोधनिबंधांत वारंवार येते. जी बहुपदी ऑर्थोगोनल नाही, तिच्या या अपूर्ण लंबत्वाचा अभ्यास करून काय हाती लागते? (महाविद्यालयीन अध्यापक, सोलापूर)

उत्तर : माझ्या मते या विषयातील खरी समज येथूनच सुरू होते, कारण एखाद्या अटीची किंमत ती काढून घेतल्यावरच नेमकी कळते.

मार्सेल रीस यांनी १९२३ मध्ये मोमेंटच्या प्रश्नावर, म्हणजे क्षच्या सर्व घातांचे भारित समाकल दिले असता भार शोधण्याच्या प्रश्नावर, काम करताना न-व्या ऑर्थोगोनल बहुपदीत (न−१)-वीची क पट मिळवून होणारी बहुपदी विचारात घेतली. तिला आपण स म्हणू. (न−१)-वी मिसळल्यामुळे स ही न−१ कोटीच्या बहुपदींना लंब राहत नाही, पण न−२ कोटीपर्यंतच्या सर्व बहुपदींना ती अजूनही लंब असते. न अटींपैकी एकच गेली. अशा बहुपदीला पहिल्या क्रमाची क्वासी-ऑर्थोगोनल म्हणतात. लिपोत फेयेर यांनी १९३३ मध्ये (न−२)-वीदेखील मिसळून दोन अटी सोडल्या, आणि पुढे सर्वसाधारण व्याख्या रूढ झाली : र क्रमाची क्वासी-ऑर्थोगोनल बहुपदी म्हणजे न−र−१ कोटीपर्यंतच्या सर्व बहुपदींना लंब असणारी न कोटीची बहुपदी. तिचे रूपही ठरलेले असते. न-वीपासून (न−र)-वीपर्यंतच्या ऑर्थोगोनल बहुपदींचे ते मिश्रण असते आणि त्याखालची एकही त्यात येत नाही.

आता बार्शीच्या बाईंना दिलेली सिद्धता पुन्हा वाचा. न अटींच्या जागी न−र अटी ठेवल्या, तरी तिचा एकही शब्द बदलावा लागत नाही. निष्कर्ष असा : र क्रमाच्या क्वासी-ऑर्थोगोनल बहुपदीचे चिन्ह अंतरालाच्या आत निदान न−र ठिकाणी बदलते. सोडलेल्या प्रत्येक अटीमागे फार तर एक मूळ मोकळे होते, त्याहून अधिक नाही.

पहिल्या क्रमात यातून बरेच काही निघते. न−१ मुळे आत आहेत आणि एकच उरले. वास्तव सहगुणकांच्या बहुपदीची संमिश्र मुळे जोडीने येतात, म्हणून उरलेले एकटे मूळ संमिश्र असू शकत नाही. ते आतल्या एखाद्या मुळाशी जुळलेलेही नसते, कारण तसे झाले तर त्या ठिकाणी चिन्हबदल झालाच नसता. म्हणजे एक अट सोडूनही सर्व मुळे वास्तव आणि वेगवेगळी राहतात. फार तर एक मूळ कुंपणाबाहेर जाते.

ते केव्हा बाहेर जाते, हेही लजाँद्र बहुपदींवर हाताने पाहता येते. प२ + क·प१ यांची मुळे म्हणजे ३क्ष² + २कक्ष − १ = ० या समीकरणाची मुळे. मुळांचा गुणाकार कायम −१/३ राहतो, म्हणून एक धन आणि एक ऋण. क = ० असताना ती ±०.५७७४ आहेत. क कमी करत −१ पर्यंत आणला की मुळे १ आणि −१/३ होतात, म्हणजे एक मूळ नेमके टोकाला येऊन ठेपते. क = −२ केला की ती सुमारे १.५४९ आणि −०.२१५ होतात, म्हणजे मोठे मूळ बाहेर पडले आणि दुसरे आतच राहिले. सर्व लजाँद्र बहुपदींची क्ष = १ येथील किंमत १ असल्याने हा उंबरठा कोणत्याही कोटीसाठी क = −१ हाच असतो, आणि डाव्या टोकासाठी क = १.

दुसऱ्या क्रमात मात्र सावध राहावे लागते. दोन मुळे मोकळी झाली की ती जोडीने संमिश्र होऊ शकतात. प३ + ब·प१ ही बहुपदी क्ष(५क्ष² − ३ + २ब)/२ अशी आहे. ब ची किंमत ३/२ हून मोठी घेतली की शून्य हे एकच वास्तव मूळ उरते. न−र म्हणजे ३−२, अर्थात एक. प्रमेयाने जेवढी हमी दिली होती, तेवढीच शिल्लक राहिली. ब ऋण असेल तर, (न−१)-व्या बहुपदीचा, म्हणजे येथे प२ चा, अंश कितीही मिसळला तरी, मुळे वास्तव व वेगवेगळी राहतात. शोधनिबंध वाचताना 'क्रम दोन' दिसले की (न−२)-व्या बहुपदीच्या सहगुणकाचे चिन्ह आधी पाहावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची सूचना आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा गृहीत धरली जाते, ती म्हणजे अशा बहुपदींची मालिका आपापसांत लंब असते. तसे नाही. प२ + क·प१ आणि प१ + क·प० यांच्या गुणाकाराचा समाकल २क/३ येतो. पहिल्या क्रमात कोटीत दोन किंवा अधिक अंतर असलेल्या बहुपदी लंब राहतात, लगतच्या राहत नाहीत.

प्रश्न : गाउस यांची समाकलन पद्धत अधिक अचूक असताना अभ्यासक्रमात सिम्पसनचा नियम का टिकून आहे? त्याचा ऑर्थोगोनल बहुपदींशी काही संबंध आहे का? (तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता, अक्कलकोट)

उत्तर : संबंध आहे, आणि तो वरच्या उत्तरातूनच निघतो. गाउस यांनी १८१४ मध्ये दाखवले, की न बिंदू योग्य निवडले तर २न−१ कोटीपर्यंतच्या प्रत्येक बहुपदीचा समाकल त्या न किमतींवरून अचूक मिळतो. ते बिंदू म्हणजे न-व्या ऑर्थोगोनल बहुपदीची मुळे, हे आजच्या भाषेतले स्पष्टीकरण. दिलेल्या बहुपदीला न-व्या बहुपदीने भागा. भागाकार न−१ कोटीपर्यंतचा येतो, तो न-व्या बहुपदीला लंब असल्याने त्या भागाचा समाकल शून्य; आणि बाकी न बिंदूंवरून पूर्ण निश्चित होते.

हेच बिंदू क्वासी-ऑर्थोगोनल बहुपदीच्या मुळांतून घेतले, तर भागाकाराची कोटी एकाने कमी असावी लागते, म्हणून अचूकता २न−२ पर्यंत येते. अचूकतेत एक पायरी गमावून आपण एक बिंदू हव्या त्या ठिकाणी बसवण्याची मुभा मिळवतो. क = −१ घेऊन उजवे टोक पकडले की राडाउ यांची पद्धत. दोन बिंदूंसाठी ते १ आणि −१/३, त्यांचे भार (म्हणजे त्या बिंदूंवरील किमतींना बेरजेआधी गुणायच्या संख्या) १/२ आणि ३/२. १, क्ष आणि क्ष² यांचे समाकल २, ० आणि २/३ बरोबर येतात, क्ष³ चा मात्र शून्याऐवजी ४/९ येतो. भारांची धनताही टिकते, कारण एका बिंदूवर १ आणि इतरांवर ० असणाऱ्या बहुपदीचा वर्ग २न−२ कोटीचा असतो, आणि तिथपर्यंत पद्धत अचूक आहे; वर्गाचा समाकल धन म्हणून तो भारही धन. झपाट्याने विरणारे घटक असलेली विकल समीकरणे सोडवण्याच्या आधुनिक पद्धतींत राडाउ बिंदूंना मोठे स्थान आहे, कारण तेथे प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या क्षणाची किंमत आपल्याला हवीच असते.

दोन्ही टोके हवी असतील तर दोन अटी सोडाव्या लागतात. प३ − प१ ही दुसऱ्या क्रमाची क्वासी-ऑर्थोगोनल बहुपदी (५क्ष³ − ५क्ष)/२ एवढी होते आणि तिची मुळे −१, ० आणि १. त्यांचे भार १/३, ४/३ आणि १/३. हा सिम्पसनचा नियम! दोन्ही टोके धरणाऱ्या, लोबाटो यांच्या पद्धतींच्या कुटुंबातला तो तीन बिंदूंचा सदस्य असून त्याची अचूकता २न−३ म्हणजे तीन कोटीपर्यंत आहे. तीन बिंदूंची गाउस पद्धत पाच कोटीपर्यंत जाते, हे खरे. परंतु लांब अंतरालाचे तुकडे पाडले की सिम्पसनमध्ये एका तुकड्याचे शेवटचे टोक पुढच्याचे पहिले टोक ठरते आणि ती किंमत दुसऱ्यांदा काढावी लागत नाही. शिवाय समान अंतरावर घेतलेल्या तयार नोंदींवर तो थेट चालतो. हाताने मोजमाप घेणाऱ्या अभियंत्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि म्हणून तो अभ्यासक्रमात असणे मला योग्य वाटते. विद्यार्थ्यांना तो शिकवताना प३ − प१ एकदा फळ्यावर मांडून दाखवावे.

प्रश्न : लागेर बहुपदींची मुळे धन असतात असे शिकलो. संगणकावर आल्फा = −१.५ ठेवून मुळे काढली तर एक मूळ ऋण येते. आज्ञावली चुकली आहे का? (भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पंढरपूर)

उत्तर : आज्ञावली बरोबर आहे. आल्फासहित लागेर बहुपदींचे भार फलन म्हणजे क्षचा आल्फा घात गुणिले ई चा −क्ष घात. आल्फा −१ किंवा त्याहून लहान झाला की शून्याजवळ हे फलन इतके वाढते, की त्याचा समाकलच सांत राहत नाही, आणि लंबत्वाची व्याख्याच कोसळते. पण बहुपदींचे सूत्र मात्र पुढेही अर्थपूर्ण राहते. त्यांच्यात असा संबंध आहे : आल्फासाठीची न-वी बहुपदी म्हणजे आल्फा+१ साठीची न-वी वजा आल्फा+१ साठीची (न−१)-वी. आपल्या उदाहरणात आल्फा+१ = −०.५, आणि त्यासाठी लंबत्व शाबूत आहे. तेव्हा आपली बहुपदी −०.५ च्या भारासाठी पहिल्या क्रमाची क्वासी-ऑर्थोगोनल आहे. न−१ मुळे धन असणे बंधनकारक, एकाला बाहेर जाण्याची मुभा. न = २ साठी समीकरण क्ष² − क्ष − ०.२५ = ० असे होते आणि मुळे सुमारे १.२०७ व −०.२०७ येतात.

आल्फा −३ आणि −२ यांच्या दरम्यान नेला की तोच संबंध दोनदा वापरावा लागतो आणि क्रम दोन होतो. आल्फा = −२.५ आणि न = २ घेऊन पाहिल्यास क्ष² + क्ष + ०.७५ = ० मिळते, ज्याची दोन्ही मुळे संमिश्र आहेत. न = ३ साठी ८क्ष³ − १२क्ष² − ६क्ष − ३ = ० हे समीकरण येते; त्याचे एकच मूळ, सुमारे १.९७६, वास्तव आणि धन आहे व उरलेली दोन संमिश्र आहेत. आपण न = ४ आणि न = ५ यांसाठी हेच करून पाहावे आणि धन मुळे निदान न−२ भरतात का, ते तपासावे. ती कमी भरली, तर मात्र आज्ञावलीत शोध घ्यावा लागेल.